मदत हवी आहे: बाबर हिंदुस्थानकडे वळला तो नेमका कशासाठी?

नमस्कार मंडळी. भाचीला शाळेत बाबरावर दहा मिनिटं बोलायचंय आणि मी फुशारकीत 'मामा सांगेल' म्हणून बसलोय. आता अडकलो.

नेहमीचं उत्तर एका ओळीचं आहे: पंजाबचा सुभेदार दौलतखान लोदीने बोलावलं, बाबर आला, 1526 ला पानिपत झालं. पण बाबरनामा (बाबराचं आत्मचरित्र) चाळला तर हे पटत नाही. त्या बोलावण्याच्या कितीतरी आधी, 1519 मध्ये, तो झेलमकाठी भेऱ्यापर्यंत येऊन गेला होता. तिथून त्याने दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदीला चक्क एक ससाणा भेट पाठवला आणि मागणी केली, पूर्वी तुर्कांकडे असलेला मुलूख परत द्या! आधार काय, तर त्याचा पूर्वज तैमूरची दिल्लीवरची 1398 ची स्वारी. निरोप्याला दौलतखानानेच लाहोरात अडकवून ठेवलं, हा भाग वेगळाच.

दुसरीकडे पोटाचा प्रश्न. काबूल 1504 मध्ये हाती आलं, पण उत्पन्न बेताचं. काबूल-गझनीवर 30,000 गाढवं भरतील एवढं धान्य कर म्हणून लादलं, आणि ते फार झालं हे तो स्वतःच कबूल करतो. मला हेच कारण वजनदार वाटतं.

जाणकारांनी सांगा, तैमूरचा वारसा हे खरं कारण होतं की नुसती सबब? आणि 1512 मध्ये समरकंद (मध्य आशियातली तैमूरची जुनी राजधानी) तिसऱ्यांदा हातचं गेलं नसतं, तर तो इकडे फिरकला असता का? शुक्रवारपर्यंत कळलं तर मामाची अब्रू वाचेल.