मदत हवी आहे: हंगामी धंद्याचं खेळतं भांडवल कसं मांडावं?

साताऱ्यात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. पीएमएफएमई या छोट्या खाद्यउद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून (३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख) चकली मशीन आणि पॅकिंगसाठी कर्ज घ्यायचंय. उद्यम नोंदणी, फूड रजिस्ट्रेशन, मशीनची कोटेशनं तयार आहेत. प्रकल्प अहवालात गाडं अडलंय ते खेळत्या भांडवलावर (कच्चा माल भरण्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत लागणारा पैसा). विक्री मुख्यतः दिवाळीत. भाजणीच्या डाळी, तांदूळ, तेल श्रावणातच रोखीनं भरावं लागतं, आणि दुकानदार पैसे देतात तुळशीचं लग्न उरकल्यावर! अहवाल करून देणाऱ्यांनी वार्षिक खर्चाला सरळ १२ ने भागलंय. त्यात ही ओढाताण दिसतच नाही. मला नुसता बँकेपुरता कागद नकोय, त्यावरच वर्षभर धंदा चालवायचाय. महिनावार जमाखर्चाचा अंदाज जोडला तर बँक तो धरते का? आणि कॅश क्रेडिटची (ठरलेल्या मर्यादेत लागतील तसे पैसे काढायचं बँकेचं कर्ज) मर्यादा सरासरीवर मागावी की ऐन हंगामातल्या गरजेवर?