नेत्रदानाच्या कामाला पेपर-रेडिओतून प्रसिद्धी कशी मिळवायची? (मुंबई)

मुलुंड_ईस्टवाला
नमस्कार मंडळी, आम्ही काही जण मुलुंड-भांडुप भागात नेत्रदानाचं काम करतो, म्हणजे सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलेजं असं फिरून लोकांना सांगायचं आणि कुणाकडे मृत्यू झाला की आयबँकेला कळवायला मदत करायची. सगळे नोकरी सांभाळून करणारे, पैसा वर्गणीचा. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, त्यानिमित्ताने पेपरात, रेडिओवर काहीतरी यावं असं वाटतंय. एका पीआरवाल्याला भेटलो, आकडा ऐकून नुसता चहा पिऊन परत आलो. पत्रकार परिषद घ्यावी का? की रील्स बनवाव्यात? कुणी असलं काम केलंय का?

निवृत्त_उपसंपादक
पत्रकार परिषद अजिबात नको. हॉलचं भाडं भराल, सामोसे मागवाल आणि नेमकं त्या दिवशी मंत्रालयात काही झालं की समोर तुमचेच कार्यकर्ते बसलेले दिसतील.
प्रेसनोट द्या पण 'अमुक संस्थेतर्फे जनजागृती शिबिराचे आयोजन, यावेळी मान्यवर उपस्थित होते' असली नको, असल्या डेस्कवर ढिगाने येतात आणि न वाचता जातात. पहिल्याच वाक्यात बातमी पाहिजे. तुमच्या वॉर्डात यंदा किती घरांनी नेत्रदान केलं, गेल्या वर्षी किती, हा आकडा तुमच्याशिवाय कुणाकडे नाही, तोच वर घ्या. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला, पीडीएफ नको, फोटो वेगळा जोडा. ऑफिसच्या कॉमन मेलवर टाकून गप्प बसू नका, उपनगराच्या बातम्या कोण करतो ते नाव शोधून त्याला दुपारी फोन करा. संध्याकाळी सातनंतर नको, पानं लागत असतात.
आणि गणपती एकतर पंधरवड्यात येतात नाहीतर तोंडावर असतात, तेव्हा पानं सगळी बाप्पाची. मग मंडळांनाच गाठा ना, देखाव्यात नेत्रदान घेतलं तर फोटोसकट छापून येतं.

गिरगावची_चाळ
उपसंपादक काकांचं बरोबर आहे पण छापून आणायचं काय ते आधी ठरवा. आमच्याकडे एका कार्यक्रमात लोकांनी हौसेने संकल्पपत्रं भरली, सेल्फी काढले. पण माणूस गेल्यावर संमती नातेवाइकांची लागते आणि डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्या गडबडीत ते कार्ड कुठल्या कपाटात आहे कुणाला माहीत. म्हणून 'नेत्रदान श्रेष्ठदान' वगैरे सोडा. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, डॉक्टरांचं मृत्यूचं सर्टिफिकेट तयार ठेवा आणि आधी आयबँकेला फोन लावा, टीम घरी येते, पैसे घेत नाही. एवढंच रीलमध्ये सांगा, नंबर शेवटपर्यंत स्क्रीनवर ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर तेच फिरेल.
रेडिओसाठी आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीला लेखी पत्र द्या आणि सोबत डोळ्यांचे डॉक्टर न्या, कारण लोक विचारणार चष्मा होता चालेल का (चालतो), मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय (तरी चालतं), डायबेटिस (तोही चालतो), चेहरा विद्रूप होतो का (नाही). रेबीज, एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी (काविळीचा एक प्रकार) असलं तर मात्र घेत नाहीत, तेही स्पष्ट सांगा.

परळची_सिस्टर
मीडिया मीडिया करताय ते ठीक आहे, पण घरी मृत्यू झाला की सर्टिफिकेट द्यायला येतो तो फॅमिली डॉक्टर. तो एक वाक्य बोलला तर घरचे ऐकतात, आपण परके. भागातल्या अशा फॅमिली डॉक्टरांची मीटिंग लावा, पेपरवाल्यालाही तिथेच बोलवा.

मुलुंड_ईस्टवाला
सिस्टर, हे भारी आहे. एक शंका, ज्यांच्याकडे नेत्रदान झालं त्या घरच्यांची मुलाखत दिली तर चालेल का? आणि ज्याला दृष्टी मिळाली त्याची भेट घडवून फोटो काढू असं आमच्यातला एक जण म्हणतोय.

परळची_सिस्टर
भेटबिट अजिबात नाही! कुणाचा डोळा कुणाला बसला हे आयबँक दोन्ही बाजूंना सांगत नाही. घरच्यांशी बोलायचं तर तेरावं होऊन जाऊ दे, मग विचारा, आणि हो म्हणाले तर लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

निवृत्त_उपसंपादक
त्यापेक्षा निधनवार्ता बघा. आमच्या पिढीतले लोक पेपर उघडला की पहिली तीच वाचतात आणि पुष्कळ पेपरांत ती फुकट छापतात. घरच्यांना विचारून मजकूर तुम्हीच लिहून द्या, असा:
'मुलुंड येथील निवृत्त शिक्षिका … यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या ८१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबीयांनी नेत्रदान केले. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.'
संस्थेचं नाव त्यात घुसडू नका, डेस्कवरचा पोरगा ते कापतो आणि कधीकधी त्याबरोबर नेत्रदानाची ओळही जाते.