आरव म्हणजे शांत? अनय, अक्षदा, रेयांश आणि आपली बारशाची नावं

आरव या नावाचा अर्थ 'शांत, सुखद' असा नावांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत टाकलेला असतोय आणि आपल्या कोल्हापुरात आता गल्लीला एक तरी आरव आहेच, म्हणून म्हटलं हा विषय एकदा नीट काढूया. रव म्हणजे आवाज, कलरव शब्द सगळ्यांना माहिताय. त्याला आ लागला की आवाज कमी होत नाही, उलट वाढतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका, आरोळी. शांत पाहिजे असेल तर शब्द आहे नीरव. पोरगं घर डोक्यावर घेतंय आणि आई वरडतीय "आरव, गप बस की जरा", म्हणजे नावानं आपलं काम चोख केलंय आणि यादीतला अर्थ तेवढा खोटा पडलाय.

दुसरं अनय. ऐकायला विनय, अभय यांच्याच घरातलं वाटतंय, म्हणून लोक ठेवायलेत. पण नय म्हणजे नीती, वागायची योग्य रीत, आणि अनय म्हणजे तिच्या उलटं, अन्याय, अनीती. गौळणीत राधेच्या नवऱ्याचं नाव अनय येतं, त्याच्यावरनं ठेवलं असेल तर माझी काय हरकत नाही, पण तसं सांगणारे आईबाप अजून तरी मला भेटले नाहीत, सगळे "युनिक वाटलं" एवढंच सांगत्यात. तसंच तृषा, हल्ली त्रिशा लिहितात, म्हणजे तहान. तृषार्त म्हणजे तहानलेला हे शाळेत शिकलोय आपण, पण नाव ठेवताना ते कुणालाच आठवत नाही.

अक्षदा हे तर आपल्या भागात भरपूर. मूळ शब्द अक्षता. क्षत म्हणजे जखम, मोडतोड, आणि अक्षत म्हणजे न मोडलेलं, म्हणून लग्नात अखंड तांदूळ टाकतात त्या अक्षता, किती चांगला अर्थ आहे बघा. बोलताना त चा द झाला तो झालाच, पण तेच दाखल्यावर गेलं आणि आता अक्षदा असं लिहिलेलं संस्कृतच्या नियमानं फोडायला गेलं तर अक्ष म्हणजे फासा आणि दा म्हणजे देणारी, म्हणजे जुगाराचे फासे देणारी! लग्नाच्या मांडवातनं पोरगी सरळ द्यूताच्या पटावर. दत्तात्रयचं पण असंच, दत्त अधिक आत्रेय, अत्री ऋषींचा मुलगा तो दत्तात्रेय. नरसोबाच्या वाडीला नेमानं जाणारी माणसं आपण, तरी निम्म्या आधार कार्डावर दत्तात्रयच. पण त्यात अर्थ उलटा होत नाही, म्हणून ते चालवून घेऊया.

प्रणाली नावाला हसणारे बघितलेत मी, "संगणक प्रणाली काय, निवडणूक प्रणाली काय" म्हणून. त्यांनी मूळ बघितलं तर अजून हसतील, कारण संस्कृतात प्रणाल, प्रणाली म्हणजे पाणी वाहून न्यायची वाट. कौलारू घराच्या वळचणीला लावतो ती पन्हळ ह्याच शब्दावरनं आलीय. पण देवळाच्या गाभाऱ्यातनं अभिषेकाचं पाणी जिथनं बाहेर पडतंय त्या दगडी मुखाला पण प्रणालच म्हणत्यात. त्यामुळं मला हे नाव अजिबात वाईट वाटत नाही, फक्त अर्थ माहीत असावा.

आता कुणीतरी म्हणणार की शब्दांचे अर्थ बदलतात, मग आरव म्हणजे शांत असं का धरू नये. खरंय, बदलतात. अस्मिता बघा, पातंजल योगसूत्रात अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश हे पाच क्लेश सांगितलेत, म्हणजे अस्मिता तिथं साधकाच्या वाटेतला अडथळा, आणि आज मराठीत अस्मिता म्हणजे स्वाभिमान, ओळख. पण तो बदल लोकांनी शब्द वापरून वापरून झाला, भाषणात, लेखात, रोजच्या बोलण्यात. आरव शब्द 'शांत' या अर्थानं कुणी एका तरी वाक्यात वापरलाय का? "आज रंकाळा किती आरव आहे" असं कोण म्हणतंय? अर्थ वापरातनं आलेला नाही, यादीत कुणीतरी छापला आणि बाकीच्यांनी उतरून घेतला. माझा मुद्दा हाच आहे.

रेयांशचं मला सगळ्यात वाईट वाटतंय. शिरोळ-हातकणंगले भागात जैन घरांत श्रेयांस हे चांगलं जुनं नाव आहे, अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ त्यांच्यावरनं, शेवटी संस्कृत श्रेयस् म्हणजे कल्याण. त्याचं अंश-बिंश करून लोकांनी श्रेयांश केलं आणि मग कुणालातरी पुढचा श पण जड झाला, राहिलं रेयांश. अंश म्हणजे भाग ते कळालं, पण रेय म्हणजे काय? यादीत 'सूर्याचा किरण' असं ठोकून दिलंय. नेमगोंडा, पायगोंडा म्हटलं की शहरातली पोरं हसत्यात, पण नेमगोंडामध्ये नेमिनाथ आहेत आणि गोंडा हा गौडा म्हणजे गावचा पाटील, अर्थ एकदम पक्का. आणि आपल्याकडच्या शीतल नावाच्या बाप्या माणसांचं तर पुण्या-मुंबईच्या लोकांना फार नवल, फोनवर "मॅडम आहेत का" विचारत्यात. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरनं आलेलं पुरुषाचं नाव आहे ते, त्यात चुकीचं काय?

जुन्या नावांना हसायची पद्धत मला पटतच नाही. केरबा हे नाव आपल्याकडं घराघरात होतं, केर म्हणजे कचरा. धोंडीबा, दगडू, भिकाजी पण त्यातलेच. पोरं जगत नव्हती, म्हणून नजर लागू नये, मृत्यूला वाटावं हे काय कामाचं नाही, म्हणून मुद्दाम असली नावं. म्हणजे आईबापाला अर्थ पक्का माहीत होता आणि त्या अर्थासाठीच नाव होतं. नकुशा तेवढं वेगळं, तिथं पोरगीच नको होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली असल्या दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली, फार चांगलं काम झालं ते.

आणि आपली 'सो'वाली नावं! बाबासो, आण्णासो, काकासो, भाऊसो, साहेबचं सो झालेलं. पाळण्यातल्या पोराचं दाखल्यावर नाव बाबासो, बापाचं आप्पासो, पोरींत आक्काताई. पहिलीच्या वर्गात बाई हजेरीला "काकासो" म्हणणार आणि सहा वर्षांचे काकासो "हजर" म्हणणार. बाहेरच्याला गंमत वाटते, पण ह्यात घरातल्या थोरल्या माणसाचा मान आहे, आजोबाचं नाव सुनेनं घ्यायचं नाही म्हणून हाकेचं नावच पुढं चालू राहिलं.

मग अर्थ न बघता नावं ठेवायचं हे आताच का व्हायलंय? एक म्हणजे पत्रिकेतलं अक्षर. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ. ङ वरनं नाव आणणार कुठनं, मग कायतरी जुळवाजुळव. दुसरं, आईबापाच्या नावातली अक्षरं जोडायची हौस. सुनील आणि जयश्री यांनी सुजय केलं तर झकास, पण दोन अक्षरांतच पाहिजे म्हणून 'सुज' वर थांबले तर पोराला जन्मभर सूज. तिसरं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव पण आलंय, निर्णय चांगलाच आहे, पण आता सगळं नाव आडनावासकट सलग मोठ्यानं म्हणून बघायला पाहिजे. शुभ्रा नाव गोड, पण पुढं काळे असेल तर पोरीला शाळेत रोज ऐकून घ्यावं लागणार, आणि ते तिनं निवडलेलं नसतंय.

गडबड करायची गरज पण नाही. जन्माची नोंद नावाशिवाय होते, वर्षाच्या आत नाव घातलं तर फी नाही आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतंय. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा शब्दकोश दोन्ही नेटवर फुकट आहेत. तुमच्या घरात बारसं ठरलं असेल तर नाव इथं टाका, मिळून अर्थ बघूया. फक्त आत्यानं कानात कुर्र करायच्या आधी टाका, पेढे वाटून झाल्यावर विचारलं की सगळेच "छान आहे" म्हणत्यात.