जनुकं बदलायची तर कोणाची, आपली की जन्मायच्या मुलांची?

तिरकस
काल एकाने लिहिलं, 'मोठ्यांचं शरीर घडून गेलं, त्यात आता काय राम? सुधारायचं तर भ्रूणातच सुधारा.' वाचून डोकं फिरलं. अहो, सिकल सेल या रक्ताच्या आजारावरचं क्रिस्परवालं (म्हणजे जनुक कापून बदलायच्या तंत्राचं) औषध, कॅसजेव्ही, २०२३ मध्ये मंजूर झालं ते १२ वर्षांच्या पुढच्यांसाठी. मूळपेशी काढा, बदला, परत सोडा. फसलं तर त्या एकट्याचं फसेल, आणि त्याने सही केलेली असते. भ्रूणाची सही कोण आणणार?

खडूस_काका
तो 'एक' मीच. कॅसजेव्ही हा उपचार झाला, विषय सुधारणेचा होता. वाढ संपून हाडांची टोकं जुळून आल्यावर कुठलं जनुक बदलून उंच होणार तुम्ही? आणि १२ वर्षांच्या पोराची सही आईबापच करतात, बरं का.

पेन्सिलरेघ
उंचीचं नाव काढलंत म्हणून. आमच्या दाराच्या चौकटीवर बाबा दर महिन्याला पेन्सिलीने रेघ मारायचे. चौदाव्या वर्षानंतर रेघेवरच रेघ, इतकी गिरवलेली की लाकडाला खाच पडली. रोज बारला लोंबकळायला लावलं ते वेगळंच. असल्या बापाच्या हातात क्रिस्पर दिलं असतं तर?

खडूस_काका
तर लोंबकळायचं वाचलं असतं.

पेन्सिलरेघ
विनोद सुचतात तुम्हाला! उंचीशी निगडित सुमारे १२,००० जागा जनुकसंचात सापडल्यात, २०२२ चा अभ्यास आहे. त्यातल्या कुठल्या बदलणार?

रात्रपाळी
लोंबकळून उंची वाढत नाही, पण पाठीला बरं वाटतं. मी अजून लोंबकळतो.

तिरकस
उंची पुरे! २०१८ मध्ये जियानकुई नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने एचआयव्ही होऊ नये म्हणून जुळ्या मुलींचं सीसीआर५ जनुक भ्रूणातच बदललं. एकीत तर दोनपैकी एकच प्रत बदलली. तो तीन वर्षं तुरुंगात गेला. मुलींना कोणी विचारलं होतं?

निमूट_वाचक
मोठ्यांचं सोपं असल्यासारखं बोलू नका. कॅसजेव्ही देण्याआधी किमोने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. माझ्या बहिणीला दुसऱ्या आजारात किमो होती. उशीवरचे केस मी गोळा करायचे. नुसतं 'सुधारायला' म्हणून कोण धडधाकट माणूस त्यातून जाईल?

तिरकस
बरं, सहीचा मुद्दा काकांचा. किमोचा तुमचा. माझ्याकडे जियानकुई उरला.

खडूस_काका
ठेवा जपून. उंचीवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

पेन्सिलरेघ
आधी तुमची उंची सांगा.