उभी की आडवी? रविवारी मतदान आहे, लवकर सांगा

उसाचं_रान:
गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, यावर रविवारी बाटलीचं मतदान आहे. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. बचत गटाच्या बायकांनी सह्या गोळा केल्या, पडताळणी झाली, तारीख लागली. माझीपण सही आहे. आता काय करावं कळेना झालंय. आडवीवर शिक्का मारू की गप घरी बसू? घरी बसलं म्हणजे कुणाच्याच बाजूनं नाही, असंच ना? घरात विषय काढता येत नाही म्हणून इथं विचारतेय. भाषण नको, काय करू तेवढं सांगा.

माणदेशी:
ताई, दुकान कसलं? देशीचं, वाईन शॉप की परमिट रूम? मतदान फक्त बायकांचं की सगळ्या गावाचं? यादीत बायका किती? काहीच लिहिलं नाहीत.

उसाचं_रान:
देशी. फक्त बायका. यादीत हजाराच्या वर असतील.

ठाणेकर_७:
आमच्या इमारतीच्या गाळ्यात बियर शॉपी येणार होती. सोसायटीनं ना हरकत प्रमाणपत्र द्यायचंच नाही असा ठराव केला. 2025 च्या मार्चमध्ये विधानसभेत सांगितलंच होतं की सोसायटीच्या संमतीशिवाय नवीन दुकान नाही. ताबडतोब सर्वसाधारण सभा बोलवा.

माणदेशी:
अहो, त्या गावातल्या आहेत आणि दुकान आधीपासून चालू आहे. सोसायटीचा काय संबंध?

अंगणवाडी_ताई:
उसाचं_रान, तू "घरी बसू का" विचारलंस, आधी त्याचं सांगते. घरी बसणं म्हणजे उभ्या बाटलीलाच मत. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे मतदान मागायला गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या पुरतात, पण दुकान बंद करायला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. पडलेल्या मतांच्या निम्मी नव्हे. यादीत 1200 जणी असतील तर 601 हव्यात. 700 आल्या आणि त्यातल्या 590 जणींनी आडवी केली तरी दुकान दुसऱ्या दिवशी उघडतं.

आमच्या गावात हेच झालं. उभीला मोजून तीसेक मतं, तरी आम्ही हरलो. यादीत वारलेल्या म्हाताऱ्या होत्या, लग्न होऊन गेलेल्या लेकी होत्या. त्या सगळ्या दुकानाच्या बाजूनं मोजल्या गेल्या. मतमोजणीनंतर शाळेच्या पायरीवर बसून बायका रडल्या आहेत. तुझं नाव सासरच्या यादीत आहे की माहेरी, ते आधी बघ.

उसाचं_रान:
इथंच आहे, विधानसभेला इथंच केलं. निम्म्याचं हे माहीत नव्हतं. मला वाटलं जास्त मतं पडतील ते जिंकतील.

वर्धाकाठ:
एक दुकान बंद करून काय होते? चंद्रपुरात 2015 ला अख्ख्या जिल्ह्यात बंदी केली, 2021 ला सरकारनंच उठवली. मधल्या काळात चोरून मिळतच होती, तीही दुप्पट भावानं. देशी बंद झाली की हातभट्टी सुरू होते. परवान्याच्या मालावर निदान लेबल तरी असते.

अंगणवाडी_ताई:
जिल्ह्याची बंदी वरून येते, हे मतदान गावातल्या बायका मागतात. दोन्हीला एका मापानं मोजू नका. आणि गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, ती का नाही आठवली? दुकान एसटी स्टँडला लागून असतं, तेव्हा शाळेतून येणाऱ्या पोरी कुठून चालतात ते बघितलंय का तुम्ही?

वर्धाकाठ:
मी वर्ध्याचा आहे ताई. आमच्याकडे बंदी सत्तरच्या दशकापासून आहे. पाहिल्याशिवाय बोलत नाही.

ग्रामसेवा:
दोघंही बरोबर आहात, म्हणून ग्रामरक्षक दल हवं. 2016 च्या सुधारणेनं कायद्यात त्याची तरतूद झाली. अवैध विक्री दिसली की दलानं कळवायचं आणि यंत्रणेनं दखल घ्यायची. मी तीन गावांत यासाठी फिरलोय. मतदानाच्या आधीच ग्रामसभेत ठराव घ्या.

माणदेशी:
रविवारच्या आधी ग्रामसभा कुठून होणार? ताई, एक कळत नाही. सही तुम्ही केलीत, मग आता अडतंय कुठं?

उसाचं_रान:
दुकान आमच्याच गाळ्यात आहे. थोरल्या दिरांच्या नावावर गाळा, भाडं घरात येतं. सही केली तेव्हा तारीख लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सासूबाईंनी सांगितलंय, रविवारी तिघी जावांनी घराबाहेर पडायचं नाही. माझा नवरा पीत नाही, पण धाकटे दीर पितात आणि धाकट्या जाऊबाईंचं मी रोज बघते. मत कुणाला दिलं ते कळतं का?

माणदेशी:
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत ताई. मत गुप्त असतं. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं, शिक्का मारून घडी घालून पेटीत. कुणालाही कळत नाही.

अंगणवाडी_ताई:
मत कळत नाही, पण गेलेली दिसते. खरी अडचण ती आहे. दुकान हवं असणाऱ्यांना मतदानाला यायची गरजच नसते, त्यामुळे केंद्राकडे निघालेली बाई आडवीसाठीच निघाली असं गाव धरून चालतं. आमच्याकडे दुकानवाल्याची माणसं रस्त्यावर नुसती बघत उभी होती, तेवढ्यानं अर्ध्या जणी परत फिरल्या. एकटी जाऊ नकोस. गल्लीतल्या सगळ्या मिळून सकाळी पहिल्या तासात जा. धाकट्या जाऊबाईंना विचारलंस का?

ठाणेकर_७:
भाडं किती येतं? गाळा दूध संकलनाला दिला तर तेवढंच मिळेल.

वर्धाकाठ:
माझं मत वेगळं आहे, पण घरात कोंडून ठेवणं चूकच. मत द्यायला जा, कोणतंही द्या.

उसाचं_रान:
आत्ता गोठ्यात जाऊबाईंशी बोलले. त्या माझ्याआधीच ठरवून बसल्यात. म्हणाल्या, सासूबाई सकाळी देवळात जातात तेव्हाच निघू. थोरल्या येणार नाहीत, पण सांगणारही नाहीत. भाड्याचं दिरांशी नंतर बोलू. जायचं ठरलं. आडवीच.

अंगणवाडी_ताई:
ओळखपत्र आठवणीनं घ्या दोघी. शिक्का आडव्या बाटलीच्या चौकटीत नीट मारा, मधल्या रेषेवर गेला तर मत बाद होतं. आमची कितीतरी मतं तशी गेली. धाकटीला आज रात्रीच कागदावर चित्र काढून दाखव.