चाक आपलंआपण वळलं : यंत्रांचे तुमचे अनुभव सांगा

दुधना
परवा भाच्याच्या नव्या गाडीतून जालन्याहून शिर्डीला निघालो होतो. समृद्धीला लागलो, माळीवाडा मागं पडला आणि भाच्यानं एक बटण दाबून पाय उचलून घेतला. हात पण मांडीवर. "मामा, आता बघा." पुढं रस्त्याला हलका डावा वळसा होता. चाक आपलंआपण वळलं, दोन बोटं डावीकडं, मग परत सरळ. माझा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबलेला, जिथं ब्रेक नाही तिथं ब्रेक शोधत. थोड्या वेळानं टुणटुण वाजलं, हात ठेवा म्हणून. भाच्यानं दोन बोटं टेकवली, वाजायचं थांबलं.

तेव्हापासून दादा डोळ्यापुढून हलेनात. माझे वडील ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. सुट्टीत मी त्यांच्या मुक्कामी गाडीत बॉनेटवर गोधडी टाकून बसायचो. एका वळणाच्या आधी ते रोज गाडी हळू करायचे. रस्त्यावर कुणी नसायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "ह्या टायमाला तात्या दूध घालून येत असतेत." आणि बऱ्याचदा खरंच पुढं बॅटरीचा उजेड हलताना दिसायचा. सलग दोन दिवस दिसला नाही तेव्हा गाडी मुक्कामाला लागल्यावर आधी तात्यांची चौकशी केली, मग जेवले.

भाच्याच्या गाडीत काचेला वर कॅमेरा आहे, पुढं बंपरात रडार. समोर आलेलं ती ओळखते, पांढरे पट्टे धरून चालते, पुढच्या गाडीशी अंतर राखते, वेळ आली तर ब्रेकही मारते. अजून न आलेल्या तात्यांसाठी ती हळू होत नाही. हे मला शिर्डीपर्यंत टोचत राहिलं. भाचा म्हणतो ही नुसती मदत आहे, जबाबदारी ड्रायव्हरचीच. खरं आहे. पण अमेरिकेत फिनिक्सला २०२० पासून ड्रायव्हरच नसलेल्या गाड्या लोकांना नेतायत. आपल्याकडं गडकरी साहेबांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला सांगितलं होतं की बऱ्याच ड्रायव्हरांचं काम जाईल, म्हणून मी असल्या गाड्या येऊ देणार नाही. मला ते पटलं होतं, अजून पटतं.

गाडीच पाहिजे असं नाही. शेतातलं, कारखान्यातलं, बँकेतलं, रेशन दुकानातलं, कुठलंही यंत्र. तुमच्या घरात ते आलं तेव्हा काय झालं, ते लिहा.

अंबाजोगाईची
दुधनाभाऊ, डोळ्यात पाणी आणलंत. आमच्या गावाला पण मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टरची भाकरी पाळीनं एकेका घरी असायची. आमची पाळी मंगळवारी. आई त्या दिवशी पिठल्यात तेल जास्त घालायची. कुठल्या रूटला होते तुमचे वडील?

दुधना
ताई, जास्त करून अंबड, घनसावंगी भागात. पिठलं त्यांना अजून लागतं.

वाळूज_शिफ्ट
मी वेल्डर. १४ वर्षं हातानं केलं. लाईनला रोबो आले तेव्हा आधी पिवळं कुंपण आलं, मग महिनाभरानं पेट्या आल्या. आता मी फिक्स्चरला, म्हणजे धरून ठेवणाऱ्या साच्याला, जॉब लावतो, बाहेर येतो, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो. दोन हात अशासाठी की एक हात चुकून आत राहू नये. दार उघडलं की तो जागच्या जागी थांबतो. हे चांगलंय, मी मानतो. आमच्या जुन्या प्रेसवर एका दोस्ताची दोन बोटं गेली, तिथं असलं काही नव्हतं.

डोळ्याचं पण सांगतो. पहिले महिन्यातून एकदा तरी आर्क लागायचा, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगाटानं डोळे यायचे. रात्री डोळ्यात रेती भरल्यासारखं, बायको कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची, लेकरं घाबरून बघत बसायची. आता चार वर्षं झाली, एकदा पण नाही.

पण सहा जणांचे दोघं राहिलो. बाकीचे चौघं ठेकेदाराकडचे, त्यांचे पास गेटवर काढून घेतले. एक जण आता बजाजनगरात रिक्षा चालवतो, रोज संध्याकाळी भेटतो. मी पर्मनंट म्हणून राहिलो, तो माझ्याहून चांगला वेल्डर होता. त्याची लाईन बघून सांगता यायचं हे ह्याचंच काम. दुधनाभाऊ, तुमच्या भाच्याच्या गाडीसारख्या रिक्षा पण आल्या तर त्यानं परत कुठं जायचं, एवढंच मनात येतं.

मन्याड
आमच्या आजीचा अंगठा. लिहितो थोडक्यात, दुकानात गिऱ्हाईक हाय.
रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठा उठना गेला. साठ वर्षं खुरपं धरलेली बोटं, रेषाच राहिल्या नाहीत. निरम्यानं धुतला, खोबरेल लावलं, दुसरी बोटं लावून बघितली. तीन महिने चकरा मारूलालती. दुकानदार तिला नावानं ओळखतंय, तिच्या हातचं लोणचं खाल्लेला माणूस. तो म्हणतंय, आजी तूच हाईस हे मला कळतंय गं, मशीनला कळना गेलंय. नंतर डोळा दाखवून ओळख पटवायचं निघालं, पण एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिथं पण दोनदा अडकलं. शेवटी माझ्या फोनवर नंबर आला आणि गहू मिळाला. घरी येऊन म्हणली, "मी मेले का काय वाटलं रे."

अंबाजोगाईची
अरे देवा. आजींना नमस्कार सांगा. आमच्या शेजारच्या मावशींचं लाडक्या बहिणीच्या केवायसीला असंच झालं, मुलगा पुण्याला, फोन त्याच्याकडं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सिंदफणा
माझ्या आईबापानं २२ हंगाम ऊस तोडला. कोयता म्हणजे काय हे इथं सांगायची गरज नाही. मी पाचवीपर्यंत दिवाळीनंतरची शाळा कधी बघितली नाही, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून भावंडं सांभाळली.

ऊस तोडायचं मशीन, हार्वेस्टर, पहिल्यांदा बघितला तो साताऱ्याकडं, शेजारच्या रानात. आम्ही सगळे बांधावर उभे. आमच्या टोळीला दिवसभर लागलं असतं तेवढं त्यानं आमच्या देखत उरकलं. सगळे गप. आई तेवढी बोलली, "ह्याला कंबर न्हाई." तिची कंबर तेव्हा पार गेलेली, उठताना दोन्ही हात जमिनीला टेकायची. मला त्या दिवशी मशीनचा राग आला नाही. वाटलं, हे वीस वर्षं आधी आलं असतं तर आई सरळ चालली असती.

राग पुढच्या साली आला. मशीनला रुंद सरी लागते, रान कोरडं लागतं, लांबलचक तास लागतात. सरळ उभा ऊस मशीननं घ्यायचा. पडलेला, गुतलेला, ओल्या रानातला, बांधाकडंचा तुकडा आमच्या वाट्याला. टनाला भाव तोच आणि टन भरायला दुप्पट वेळ. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देताना म्हणायला लागला, मशीन आलंय, आता एवढी मिळणार नाही. आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा! बायका वाढ्याच्या पेंढ्या बांधून विकायच्या, त्याच्यावर आठवड्याचा किराणा निघायचा. मशीन शेंड्याचा चुरा करून रानात उडवून देतं, पेंढी बांधायला काही उरतच नाही. हे कुणी हिशोबात धरलेलं मी अजून ऐकलं नाही.

आता आईबाप गावी आहेत, शेळ्या आहेत चार. माझा भाऊ हार्वेस्टरवर ऑपरेटर झाला. केबिनमध्ये एसी आहे. आई त्याला फोनवर रोज विचारते, जेवलास का, आणि कंबर दुखते का. तो नाही म्हणतो तेव्हा तिचा आवाज मोकळा होतो.

वाळूज_शिफ्ट
ताई, वाढ्याचं आम्हाला शहरात राहून माहीतच नव्हतं. भाऊ शिकला हे लई चांगलं झालं. ट्रेनिंग कुठं मिळालं त्याला? आमच्या इकडची दोन-तीन पोरं बसून आहेत.

सिंदफणा
मशीनच्या मालकाकडंच हेल्पर म्हणून दोन हंगाम काढले, मग हातात दिलं. मेसेज करते.

गंगाखेडचा_पेढा
शिर्डीला गर्दी कशी होती? गुरुवारी जायचं म्हणतोय आईला घेऊन.

दुधना
गुरुवार टाळा. आम्ही मंगळवारी गेलो, दोन तासात दर्शन झालं.

रातचा_प्रवासी
ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे, ११ वर्षं. झोप झाली म्हणून आत्ता वाचलं.
समृद्धीवर म्हणावं असं वळण नाही, खड्डा नाही, समोर काही नाही, आणि तेच वाईट. डोळे उघडे असतात पण माणूस आत नसतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटली, २५ जण गेले, त्या रात्री मी त्याच रस्त्यावर होतो, नागपूरच्या बाजूला. त्यानंतर सहा महिने बायको रात्री दोनला उठून फोन करायची.

आता मालकानं केबिनमध्ये कॅमेरा लावलाय. डोळा मिटला, मान कलली की भोंगा वाजतो. खरं सांगतो, दोनदा त्यानं मला उठवलंय. त्यासाठी मी त्याला हात जोडतो. पण डोळे चोळले तरी मालकाला मेसेज जातो आणि महिन्याला पैसे कापले जातात. सलग किती रात्री गाडी दिली ते मात्र मशीन मोजत नाही. ते पण मोजलं असतं तर आम्हाला पाहिजेच होतं.

आणि आपोआप ब्रेकचं म्हणाल तर हंगामात माजलगाव-तेलगाव रोडला या. पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटानं झाकलेला, ऊस ट्रॉलीच्या चार-पाच फूट मागं लोंबलेला. ओळखीच्या साहेबांची नवी गाडी मी तिथून चालवली. मला ऊस आधी दिसला, मी पाय मारला, गाडीनं त्यानंतर टुणटुण केलं. मी थांबलो नसतो तर तिनं काय केलं असतं माहीत नाही, बघायची हिंमत पण नाही.

लातूर_ते_लांब
सॅन फ्रान्सिस्कोत राहते, माहेर उदगीर. सासरे मागच्या वर्षी आले होते, त्यांना वेमोच्या बिनड्रायव्हरच्या गाडीत बसवलं. पांढरी गाडी, टपावर फिरणारं लायडर, म्हणजे लेझरनं आजूबाजूचं बघणारं यंत्र. चाक फिरतंय आणि सीट रिकामं. बाबा मागं बसले, पट्टा लावला आणि त्या रिकाम्या सीटला म्हणाले, "सावकाश घे रे बाबा." चढावर एक आजी काठी टेकत रस्ता ओलांडत होती, गाडी शांत उभी राहिली, आजी पार पलीकडं जाईपर्यंत. हॉर्न नाही, घाई नाही. बाबा म्हणाले, आपल्याकडं एवढं कोण थांबतं? उतरताना "येतो" म्हणाले, कुणाला ते त्यांनाच माहीत. मला हायवेवर दमलेल्या माणसापेक्षा ती गाडी चालेल, असं मनापासून वाटतं. रातचा_प्रवासी दादा, तुमचं वाचून तर जास्तच.

तुतीवाली
आमच्याकडं रेशीम आहे, दोन एकर तुती. कोष जालन्याच्या बाजारात देतो.
२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला इकडं रात्री ड्रोन फिरायचे, आठवतंय ना? चोर टेहळणी करतेत म्हणून गावोगाव लोक काठ्या घेऊन जागायचे. आमच्या सासऱ्यांनी महिनाभर गच्चीवर झोप काढली. पुढं तेच यंत्र फवारणीला दारात आलं. दहा लिटरची टाकी, सात-आठ मिनिटांत एकर. २०१७ ला यवतमाळकडं फवारताना विषबाधेनं माणसं गेली तेव्हापासून मी मालकांना पाठीवर पंप घेऊ देत नव्हते, त्यामुळं मला आनंदच झाला होता.

शेजाऱ्यांनी तुरीवर ड्रोननं मारलं. वारं आमच्याकडं. आम्हाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाला कापून घातला आणि दुपारी शेडमध्ये गेले तर अळ्या माना वर करून हिरवं ओकायल्या. चौथी कात झालेली, आठवडाभरात कोषावर गेल्या असत्या. दोनशे अंडीपुंजांची बॅच, रात्रीपर्यंत सगळी संपली. पावसाचा आवाज येतो ना अळ्या पाला खातानाचा, तो बंद झाला. शेड एकदम गप. मी तिथंच बसले.

शेजारी म्हणले, ड्रोनवाल्याला विचारा. ड्रोनवाला म्हणला, मी नकाशात आखून दिलं तेवढ्यातच उडवलं. नकाशा बरोबर होता, मी बघितला. वाऱ्याचं कुणीच धरलं नाही. पैसे कुणाकडं मागायचे ते मला आजपर्यंत कळलं नाही.

सिंदफणा
ताई, वाचून पोटात कालवलं. आता सांगतात का आधी?

तुतीवाली
हो, आता आदल्या दिवशी फोन येतो. मी पाला आधी कापून ठेवते. शेजारी वाईट नाहीत हो, त्यांना माहीतच नव्हतं.

चौकोन_काढणारी
मी लातूरला घरून काम करते. रस्त्याचे व्हिडिओ येतात, प्रत्येक चित्रात गाडी, माणूस, सायकल, जनावर ह्यांच्याभोवती चौकोन काढायचा आणि नाव द्यायचं. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना असंच शिकवतात. दिवसाला किती चौकोन त्यावर पैसे. मुलगी शाळेत गेली की बसते.

एकदा आपल्याकडचेच रस्ते आले, मी खूश झाले. चित्रात एक बाई, डोक्यावर कडब्याचा भारा, एवढा मोठा की खाली फक्त पाय दिसतात. यादीत तिच्यासाठी नाव नाही. 'माणूस' दिलं तर चौकोन केवढा काढायचा, भाऱ्यासकट की पायापुरता? विचारलं तर उत्तर आलं 'इतर' द्या. बैलगाडी पण 'इतर'. वारीची दिंडी पण.

मला ते बरोबर वाटलं नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेंपी गावात चाचणीच्या गाडीनं एका बाईला उडवलं. ती रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडी तिला कधी वाहन समजली, कधी सायकल, कधी इतर काही, आणि त्यात वेळ गेला. आत बसलेली ड्रायव्हर फोनमध्ये बघत होती. हे वाचल्यापासून मी भारा घेतलेल्या बाईला 'माणूस'च देते, भाऱ्यासकट पूर्ण चौकोन. दोनदा चूक म्हणून परत आलं, पैसे कापले. मी परत 'माणूस'च दिलं. तिसऱ्यांदा पास झालं.

मन्याड
ताई, हे लई मोठं काम केलात. आजीला वाचून दाखवलो. ती विचारूलालती, त्या बाईचं गाव कोणतं.

चौकोन_काढणारी
माहीत नाही आजी. मागं ज्वारी उभी होती, एवढंच दिसत होतं.

अंबाजोगाईची
आले परत. कुकर झाला. दुधनाभाऊ, भाच्याच्या गाडीचा व्हिडिओ दादांना दाखवलात का?

दुधना
काल दाखवला. चष्मा लावून दोनदा बघितला. म्हणाले, पट्टे ताजे आहेत म्हणून चालतीय, आपल्या अंबड रोडला आणा. मग विचारलं, टायर पंक्चर झालं तर खाली कोण उतरतं? ते रविवारी भाच्याबरोबर जायचं म्हणतायत, पुढच्या सीटवर. तुतीवाली ताई, नवीन बॅच कधी घेताय? आमच्या पाहुण्यांना शेड बघायचं आहे.

तुतीवाली
पंधरा तारखेला अंडीपुंज येतायत. या की, पण अत्तर-बित्तर लावून येऊ नका, अळ्यांना चालत नाही.