मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्तनावर काम करणाऱ्या सहायकांना तयार कसे करावे? (कोल्हापूर)

नमस्कार. मी विशेष शिक्षिका असून गेली चार वर्षे राजारामपुरीत दोन खोल्यांचे छोटे केंद्र चालवते. ऑटिझम असलेली चौदा मुले येतात, त्यांतली काही कागल आणि गारगोटीहून एसटीने. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली मी एकटीच. सोबतच्या तिन्ही सहायक मुली पदवीधर आहेत आणि मन लावून काम करतात, परंतु वर्तनाचे प्रश्न हाताळण्याचे शिक्षण कोणीच घेतलेले नाही. ते त्यांना इथेच, काम चालू ठेवून, कसे देता येईल याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आधी केलेला प्रयत्न सांगते. गेल्या वर्षी मी तिघींचे पैसे भरून एका ऑनलाइन संस्थेचा 40 तासांचा अभ्यासक्रम त्यांना करायला लावला. व्हिडिओ पाहायचे, शेवटी योग्य पर्याय निवडायचा आणि प्रमाणपत्र छापून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. रिइन्फोर्समेंट (ज्या परिणामामुळे एखादे वर्तन पुन्हा पुन्हा घडते तो) म्हणजे काय, हे आता तिघीही झोपेतून उठवले तरी सांगतील. पण मूल जमिनीवर लोळून डोके आपटू लागले, की पहिल्या दहा सेकंदांत कोणत्या बाजूला बसायचे, आपला आवाज किती खाली आणायचा आणि बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत कोणी न्यायचे, हे त्यांना कोणी करून दाखवले नव्हते. (ती प्रमाणपत्रे मी भिंतीवर लावली होती, हेही कबूल करते. पालकांना बरे वाटते.)

उणीव नेमकी कुठे आहे, हे आमच्या नोंदवहीत दिसले. वर्तनाआधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, असे तीन रकाने आम्ही आखलेले आहेत. सात वर्षांच्या एका मुलाच्या पानावर सलग नऊ दिवस ‘अचानक चिडला’, ‘मनगट चावले’, ‘समजूत काढली’ एवढेच लिहिलेले होते. मग दोन दिवस मी स्वतः शेजारी बसून, घड्याळ पाहून लिहिले, तेव्हा लक्षात आले की चावणे सव्वाअकरानंतरच सुरू होते आणि मागच्या गल्लीतली चटणी कांडपाची गिरणी अकराला चालू होते. चटणीच्या दिवसांत ती दुपारपर्यंत थांबत नाही, वर मिरचीचा खकाणा खिडकीतून आत येतो तो वेगळाच. ‘समजूत काढली’ याचा अर्थही विचारल्यावर कळला: त्याला पुढच्या दारी पायरीवर नेऊन बसवत होते, म्हणजे त्या आवाजातून त्याची सुटका करत होते. चावले की सुटका होते, हे तो शिकला आणि शिकवणारे आम्हीच होतो. ‘अचानक’ या शब्दाला तेव्हापासून आमच्या वहीत बंदी आहे.

हा 40 तासांचा आकडा अमेरिकेतल्या वर्तन-विश्लेषक प्रमाणन मंडळाच्या ‘नोंदणीकृत वर्तन तंत्रज्ञ’ या पात्रतेवरून आलेला आहे. तिथे 40 तासांनंतर प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी व परीक्षा असते आणि त्यापुढेही दर महिन्याच्या कामाच्या किमान 5 टक्के तास देखरेखीखाली करावे लागतात. आपल्याकडे 40 तेवढे उचलले गेले, देखरेख तिथेच राहिली. 1 जानेवारी 2023 पासून ते मंडळ भारतातून नवे अर्जही घेत नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद आहे. विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका करा म्हणावे, तर तिघींपैकी कोणाच्याही घरची परिस्थिती पगार सोडण्यासारखी नाही.

पालकांच्या तोंडी असलेला 40 मात्र निराळा. तो अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासातला, मुलाला आठवड्याला 40 तास थेरपी द्यायची, हा आकडा. त्या अभ्यासात शिक्षेचाही वापर झाला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. हात हलवणे थांबवायचे, हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावायचे, असे काही माझ्या सहायक मुलींनी शिकावे अशी माझी इच्छा नाही.

म्हणून विचारते: केंद्रातल्या केंद्रात प्रशिक्षण द्यायचे तर सुरुवात कशापासून करावी, पुण्या-मुंबईच्या अनुभवी व्यक्तीकडून व्हिडिओवर देखरेख करून घेण्याचा कोणाचा अनुभव आहे का, आणि सहायक एकटीने सेशन घेण्याइतकी तयार झाली हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद 1

ताई, मी पुण्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. सुरुवात वहीपासूनच करावी असे मला वाटते. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये मिनिटाला एक चौकोन आखा, तुम्ही आणि सहायक वेगवेगळे बसून त्याच मुलाची नोंद करा आणि मग ताडून पाहा. वीसपैकी सोळा चौकोन जुळले तर 80 टक्के झाले, आणि त्याखाली असेल तोवर पुढचा धडा घेऊ नये.

नंतरचे प्रत्येक कौशल्य सांगणे, करून दाखवणे, करून घेणे आणि लगेच चूक-बरोबर सांगणे, या चार पायऱ्यांनी शिकवावे. ‘करून घेणे’ आधी आपापसांत व्हावे. एकीने मूल व्हायचे, दुसरीने सहायक, तिसरीने यादी घेऊन खुणा करायच्या. पहिल्या दिवशी हसण्यातच वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

चावणाऱ्या मुलाबाबत एक सावधगिरी. पायरीवर नेणे एकदम बंद केले, तर चावणे कमी होण्याआधी काही दिवस वाढू शकते, आणि नवी सहायक नेमकी त्या वेळी हार मानते. त्याऐवजी कान झाकल्याचे चित्र असलेले कार्ड द्यायला त्याला शिकवा, आणि कार्ड दिले की त्याच क्षणी बाहेर न्या. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी 1985 मध्ये हेच दाखवले होते: त्याच हेतूसाठी सोपी भाषा दिली की त्रासदायक वर्तन ओसरते.

व्हिडिओवरची देखरेख चालते, मात्र चित्रीकरणाला पालकांची लेखी संमती घ्या. सहायक महिन्याला 80 तास काम करत असेल, तर 5 टक्क्यांच्या हिशेबाने चार तास होतात.

प्रतिसाद 2

मी इचलकरंजीची एक आई. आपापसांतल्या सरावाला आम्हा पालकांनाही बसवा, ही विनंती. मूल कसे व्हायचे ते आम्हाला जास्त चांगले जमेल. शिवाय घरी आजी लगेच बिस्किट देते आणि केंद्रात देत नाहीत, हा घोळ त्याशिवाय मिटणार नाही.

धागाकर्ती

दोघींचेही आभार. तिघींचे मिळून महिन्याला बारा तास होतात, ते मला शनिवारी दुपारी काढता येतील. कार्ड काल रात्रीच तयार केले. आज त्याने ते दोनदा हातात दिले, एकदा गिरणी बंद असतानाही. तेव्हाही त्याला बाहेर नेले. हे बरोबर केले ना?